पडदा दाखवतो, बघत नाही

"मोबाईलच शिकवतोय तर तू कशाला गं?" असं बस्तीतल्या एक आजी मला नेहमी विचारतात. मी बेळगावात शाळेतल्या मुलींचे नाच बसवते आणि अलीकडे व्हिडिओ लावून बसवते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा तो नाइलाज होता. शाळा उघडल्यावरही मी तो सोडला नाही, याला कारण आहे.

आधी चाळीस मुलींपुढं मी पाठमोरी उभी राहून नाचून दाखवायची. तोंड त्यांच्याकडं केलं की माझा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला येतो, आणि मग सगळा गोंधळ. पण पाठ केली की मागं काय चाललंय ते दिसत नाही. आता दाखवायचं काम पडदा करतो आणि मी ओळींमधून फिरते.

पडद्याचेही लाड पुरवावे लागतात. "बाई, त्या ताई उजवा म्हणत डावाच करालेत की!" अशी तक्रार पहिल्याच दिवशी येते. म्हणून मी पाठीमागून घेतलेला व्हिडिओ शोधते. आधी निम्म्या वेगानं लावते. गाणं रेंगाळतं, म्हणून आवाज बंद करून मीच टाळ्या देते. आठ मात्रा झाल्या की थांबायचं, पडदा बंद करायचा आणि न बघता करायचं. पडदा चालू असेपर्यंत मुलींच्या माना तिकडंच असतात. अंगात काहीच उतरत नाही.

भरतनाट्यमची अरमंडी घ्या. गुडघे पावलांच्या दिशेनं बाहेर उघडायला हवेत. मुली नुसत्या खाली बसतात, गुडघे आत वळतात, आणि वर कडक फरशीवर पाय आपटतात. पडद्यावरच्या ताईंची अरमंडी छान असते, म्हणून आपलीही तशीच आहे असं मुलींना वाटतं. दुखलं तरी त्या ताईंना कसं सांगणार?

गेल्या वर्षी शेवटच्या ओळीतली एक मुलगी प्रत्येक पावलाला अर्धी मात्रा मागं पडायची. जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, ती पडदा बघतच नव्हती, शेजारणीचे पाय बघून नाचत होती. तिला तेवढ्या लांबचं नीट दिसत नव्हतं. चष्मा लागला. मग पोरगी ताल सोडेना!

आदिपुराणातली नीलांजना आपण पाठशाळेपासून ऐकतो. कन्नडात पंपकवीनं ९४१च्या सुमारास तीच कथा सांगितली. ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता तिचं आयुष्य सरलं, इंद्रानं क्षणात तशीच दुसरी नर्तकी उभी केली. नाच तुटला नाही, सभेला काही कळलं नाही. ऋषभदेवांना तेवढं कळलं. ही कथा आपण वैराग्यासाठी सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पावलं तीच असली तरी नाचणारी कोण आहे, हे ओळखणारी नजर लागते.

तेव्हा बायांनो, लेक हॉलमध्ये मोबाईल लावून नाचत असेल तर "चला, गुंतली एकदाची" म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. दहा मिनिटं बसा. तिचे गुडघे बघा, चेहरा बघा. आणि तिला विचारल्याशिवाय तिचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.