झाकलेल्या अवयवाचा मान



संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात ख्रिस्तसभेची तुलना शरीराशी करतो. जे अवयव आपल्याला कमी मानाचे वाटतात, त्यांनाच आपण अधिक मानाने जपतो, असे तो तिथे सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा घेताना डोळे, हात, पाय यांची उदाहरणे सहज सुचतात. झाकलेल्या अवयवाचे उदाहरण मात्र कोणी देत नाही. आज मी तेच देणार आहे, कारण मिस्सानंतर दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात, याच दुखण्याबद्दल विचारले.

दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात शौचाच्या वेळी काच चिरत गेल्यासारखी वेदना मला सुरू झाली. नंतरही दोन-तीन तास आग होई. थोडे ताजे लाल रक्त दिसे. वर्ग मी उभ्यानेच घेई. सोबत अशा तक्रारी होत्या की त्यांचा एकमेकींशी मेळच लागेना: लघवी अडखळत होई, कंबरेपासून मांडीपर्यंत ठणका लागे, चक्कर येई आणि वजनही उतरले होते.

आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मराठीत मूळव्याध, कन्नडमध्ये मूलव्याधी आणि हिंदी-उर्दूत बवासीर म्हणतात. भाषा तीन, पण त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला एकच नाव. म्हणून सल्लाही एकच. कोणी चूर्ण दिले, कोणी सुरणाची भाजी खायला सांगितले. एका ठिकाणी तर तपासण्याआधीच इंजेक्शनचा खर्च सांगून टाकला.

त्या दिवसांत मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री (५:२५-३४) मला फार जवळची वाटली. तिने अनेक वैद्य केले, जवळचे सर्व खर्चून टाकले, तरी दुखणे वाढतच गेले. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. म्हणून ती गर्दीत मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राला हळूच स्पर्श करते. ती त्याच क्षणी बरी होते. पण येशू तिला तशीच जाऊ देत नाही. तो थांबतो, विचारतो, आणि ती थरथरत त्याला सारे काही खरे सांगते. मग तो तिला ‘मुली’ अशी हाक मारतो. येशूने तिला लाजवण्यासाठी पुढे बोलावले नव्हते. लपून आलेली ती स्त्री त्याच्याकडून मान घेऊन घरी गेली.

‘सारे काही खरे’ हे शब्द धरून मी माझ्या सगळ्या तक्रारी वहीत लिहिल्या आणि बिदरला एका सर्जन बाईंना वाचून दाखवल्या. त्यांनी सगळे ऐकले, मग तपासले. ही मूळव्याध नव्हती, फिशर होते, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. मूळव्याधीत रक्तवाहिन्या फुगतात, फिशरमध्ये कातडी फाटते. वेदनेमुळे तिथला गोल स्नायू आवळला जातो, आवळल्याने रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून जखम भरत नाही. मग घट्ट शौचाने ती पुन्हा उसवते. लघवीचे स्नायूही शेजारचेच. तेही आखडतात, म्हणून ती अडखळते. भीतीने जेवण कमी झाले, म्हणून वजन उतरले.

पण चक्कर? फिशरमध्ये जाणारे रक्त बहुधा थोडेच असते, त्याने हिमोग्लोबिन एवढे उतरत नाही, असे म्हणून त्यांनी पाळीबद्दल विचारले. खरे कारण तिथे होते. दोन दुखणी एकाच वेळी आली होती. लोहाच्या गोळीने शौच घट्ट होऊ शकते, म्हणून तीही त्यांनी बेताने सुरू केली. जुलाब, तोंडातले फोड, सांधेदुखी, संध्याकाळचा ताप, घरात कोणाला टीबी, हेही त्यांनी विचारून घेतले. कधी कधी फिशरमागे क्रोन्ससारखा आतड्याचा आजार किंवा क्षयरोग असतो. चीर नेहमीच्या मधल्या जागी नसून बाजूला असेल, तर तो संशय जास्त.

उपचार साधे होते: दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे, इसबगोल, भरपूर पाणी आणि स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम. ताजे फिशर बहुतेक वेळा काही आठवड्यांत असेच भरते. जुने झाले आणि मलमाने भरले नाही, तर छोटी शस्त्रक्रिया असते. माझे दोन महिन्यांत भरले.

ख्रिस्तसभेने या दुखण्याची लाज मानली नाही. सातव्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सला आलेले संत फियाक्र हे मूळव्याधीच्या रुग्णांचे आश्रयदाते संत आहेत. तेच माळ्यांचेही आश्रयदाते! त्यांनी मठाजवळ भाजीपाला आणि औषधी वनस्पती लावल्या होत्या. आपल्या ताटातली ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी पाहून मला त्यांची आठवण येते. उपवासाच्या दिवशी पाणी प्यायल्याने उपवास मोडत नाही, आणि आजाऱ्याला ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

रक्त जास्त जात असेल, शौच काळे होत असेल, ताप किंवा पू असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसले असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून घरी बसू नका. लघवी पूर्ण बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय शिकवतो की वैद्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे, आणि आजारपणात प्रार्थनेसोबत वैद्यालाही जागा द्यावी.

प्रभू येशू, तू त्या स्त्रीचे सारे ऐकून घेतलेस. जे लाजेने गप्प आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हा ऐकणाऱ्यांना तुझ्यासारखे थांबायला शिकव. आमेन.