चाकातली हवा

आपल्या भाषेने हवेला फारसे चांगले वागवलेले नाही. एखाद्याच्या डोक्यात हवा गेली म्हणजे तो फुगला, आणि एखाद्याची हवा गेली म्हणजे त्याची फजिती झाली! असली तरी पंचाईत, नसली तरी पंचाईत. ती किती असावी, हा साधा प्रश्न मात्र भाषेला कधी पडलेला दिसत नाही. तो प्रश्न पडतो मोटारवाल्यांना.

महाड-पोलादपूरकडच्या आम्हां मंडळींना तर तो पडायलाच हवा. आमची सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठाने निघालात, तर वर वाड्यांकडे जाणारे दगडधोंड्यांचे रस्ते, मध्ये गुळगुळीत महामार्ग आणि शेवटी पुळण असे तीनही नमुने एका दिवसात भेटतात. पण पंपावरच्या पोराने "किती भरू?" म्हणून विचारले की आपले उत्तर ठरलेले: "भर बत्तीस!" बत्तीस म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब. गाडी तयार करणारा कारखाना असा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापून देतो. चांगल्या रस्त्याला तो अगदी योग्य असतो. पण पट्टीला बिचारीला पुढचा रस्ता कुठे दिसतो?

हिशेब सोपा आहे. एका चाकावर १००० पौंड भार आहे असे धरा. हवा ३२ पौंड असली, तर टायरचा सुमारे ३१ चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. ती १६ केली की हा भाग ढोबळ मानाने दुप्पट होतो. तो रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी वाळूवर पसरते. उंटाला ही युक्ती जन्मतःच मिळालेली आहे. माणसाला ती खटपट करून शिकावी लागली. राल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १९३०च्या सुमारास फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला, तो टायरांतली हवा कमी करूनच. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जमिनीवर आणि पाण्यात चालणारी 'डक' नावाची मालमोटार बनवली. तिच्या चालकाला तर बसल्या जागेवरून टायरांतली हवा कमीजास्त करता येई.

हे सारे पुस्तकी ज्ञान झाले. त्याचा खरा अर्थ मला गेल्या उन्हाळ्यात कळला. आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांची म्हातारी आई घरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. माझा एक जुना विद्यार्थी चारही चाकांना जोर देणारी जीप घेऊन आला. मामा आणि मी तिच्यात बसलो. डांबर संपले तिथे त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून एकेका चाकाची हवा सोडू लागला.

"अरे, रस्ता खराब म्हटल्यावर हवा भरायची की सोडायची?" मी विचारले.

"सोडायची, सर. चाक कडक असलं की रस्त्यातला प्रत्येक दगड आजींच्या हाडाला जाऊन लागेल."

गेज लावून त्याने ३२ची २४ केली. "मग १६च कर की," मी म्हटले. त्यावर तो हसला. "ते वाळूला, सर. इथं दगड धारेचे आहेत. फार सोडली तर टायरची बाजू फुगून बाहेर येते. ती चिरली, तर पंक्चरवालाही हात टेकतो."

येताना आजींना मागच्या बाकावर आडवे निजवले होते. गाडी बैलगाडीच्या चालीने उतरत होती. आजी कण्हत होत्या, पण किंचाळण्याची वेळ एकदाही आली नाही. डांबर लागले मात्र, आणि पुन्हा थांबून तो बॅटरीवरचा पंप लावू लागला. आता मामांचा धीर सुटला. "अरे, आईचा जीव जातोय आणि तू हवा कसली भरतोस? हाक गाडी!"

"मामा, आता गाडी पळवायची आहे. कमी हवेवर पळवली तर टायर तापतो. हायवेला तो फुटला तर आजींना घेऊन आपण कुठं जाणार?"

कोणीच काही बोलेना. मागून आजींचाच आवाज आला, "भरू दे रे त्याला. सकाळपासून थांबले, आणखी थोडं थांबते."

आठ-दहा मिनिटे गेली. मला ती तासाएवढी वाटली. पण आम्ही वेळेवर दवाखान्यात पोहोचलो. आज आजी काठी टेकत अंगणात फिरतात.

तेव्हापासून काही गोष्टी मी कानाला खडा लावल्यासारख्या पाळतो. हवा मोजायची ती टायर थंड असताना, कारण तापल्यावर आकडा चढतो. गाडीत माणसे आणि सामान भरपूर असेल, तर हवा जपूनच सोडायची. वाळूसाठी ती १६-१८वर आणली, तर वेग ताशी वीसच्या आत ठेवायचा आणि एकदम वळायचे नाही. नाहीतर टायर रिंगवरून सुटतो. आणि जवळ पंप नसेल, तर हवा सोडायचीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कित्येक जण हरिहरेश्वर-दिवेआगरकडे निघाले असतील. पुळणीवर गाडी घालण्याची हौस मात्र करू नका. तिथे समुद्रकासवे अंडी घालायला येतात, आणि कितीही हवा सोडली तरी गाडीचे ओझे हलके होत नाही. पण वाडीतल्या भुसभुशीत वाटा आणि घाटातले उखडलेले रस्ते तुम्हांला भेटतीलच. तेव्हा "किती भरू?" म्हणून कोणी विचारले, तर आकडा सांगण्यापूर्वी पुढे रस्ता कसला आहे आणि मागच्या बाकावर कोण बसले आहे, एवढे एकदा पाहून घ्या.