बेलवलीत गडी वाटताना

दिवाळीत बदलापूरला उतरून बेलवलीस बहिणीकडे गेलो. मैदानावर पोरे फुटबॉलसाठी गडी वाटून घेत होती. भाचा अखेरपर्यंत उरला. शेवटी नाइलाजाने त्याला गोलात उभे केले. बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

मी म्हटले, "अरे, २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतले. त्याने ७ गोल मारले, तरी संघ आठांत सहावा! २०२१ मध्ये करंडक जिंकला, तेव्हा कप्तान कोण? गोलरक्षक अमरिंदर सिंग!"

एका मोहऱ्याने डाव जिंकता येत नाही, वाचकहो. संध्याकाळी खरचटलेले कोपर मिरवीत भाचा विचारीत होता, "मामा, उद्याही गोलात मीच ना?"