अजून ठरवलं नाही

इंदूरला आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आदिवासी मुलींचं एक वसतिगृह आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा ओळखीच्या एका बाईंच्या सांगण्यावरून मी तिथं आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. अकरावी-बारावीच्या मुली. अलिराजपूर, झाबुआ, धार, बडवानी या जिल्ह्यांतून आलेल्या. भिल्ल, भिलाला, बारेला घरांतल्या. माझं माहेर नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. नर्मदेच्या एका काठाला आमचं नंदुरबार, दुसऱ्या काठाला त्यांचं अलिराजपूर. त्यामुळे त्यांची आपसातली बोली मला अर्धीमुर्धी कळायची, आणि ते बघून त्या खुदुखुदु हसायच्या.

पहिल्याच महिन्यात मी निबंध दिला. विषय आपला नेहमीचाच, ‘मला कोण व्हायचंय’. बावीस वह्या गोळा करून घरी आणल्या. अकरा जणींना नर्स व्हायचं होतं, पाच जणींना शिक्षिका, तिघींना पोलीस, एकीला पटवारी. उरल्या दोघी. एकीला आर्किटेक्ट व्हायचं होतं आणि दुसरीला कलेक्टर.

खरं सांगते, माझा हिरमोड झाला. रात्री फोनवर बहिणीला म्हणाले, “अगं, या मुलींना जगात काय काय आहे हेच कुणी दाखवलेलं नाही. स्वप्नं बघायचं धाडसच नाही.” पुढच्या खेपेला मी मासिकांतली चित्रं घेऊन गेले. वैमानिक बाई, प्रयोगशाळेतली बाई, पूल बांधणारी बाई. मुलींनी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुणीचं मन मोडू नये म्हणून ऐकतात तसं.

त्याच दिवसांत आमच्या घरी वेगळंच चाललं होतं. लेकीनं कॉमर्सची दोन वर्षं झाल्यावर फोन केला, “आई, मन लागत नाही. मला डिझाइन करायचंय.” दोन दिवस घरात चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “मनच लागत नसेल तर उपयोग काय? घेऊ दे तिला.” दोन वर्षांची फी गेली, पुढची तीन-चार वर्षं वाढली, कुणी हिशोब मांडला नाही. दुकान चालू होतं. आम्ही याला म्हणालो, मुलीची आवड जपली.

डोळे उघडले ते शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना. वॉर्डन बाई एकट्या, म्हणून मी मदतीला बसले. दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीसाठी पालकांचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावं लागतं, त्याचे दाखले जोडायचे होते. एकेक दाखला वाचत गेले. शेती व मजुरी. शेती व मजुरी. दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यात मका, उडीद, थोडा कापूस. दिवाळी झाली की घरातली धडधाकट माणसं गुजरातेत जातात. सुरत, वडोदरा, राजकोट, बांधकामावर नाहीतर कुणाच्या शेतावर. होळीआधी भगोरियाचे बाजार भरतात तेव्हा परततात. घरी म्हातारी माणसं आणि गुरं. अलिराजपूर हा २०११च्या जनगणनेत सगळ्या देशात सर्वांत कमी साक्षरतेचा जिल्हा होता, जेमतेम ३६ टक्के. तिथून बारावीपर्यंत पोचलेली मुलगी म्हणजे काय चढण चढून आली असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

एकीचे वडील गोध्रा भागात दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात कामाला जाऊन छातीचं दुखणं घेऊन आले होते. त्या भुकटीनं फुफ्फुसं दगडासारखी होतात, तो सिलिकोसिस. या जिल्ह्यांतली कितीतरी माणसं त्यानं गेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यातल्या २३८ मृतांच्या वारसांना तीन-तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगावं लागलं. या मुलीनं निबंधात नर्स लिहिलं होतं. का, ते तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि त्या दोघी? आर्किटेक्ट व्हायचंय म्हणणारीचे वडील सरकारी शाळेत मास्तर. कलेक्टर व्हायचंय म्हणणारीचे वडील वीज मंडळात बाबू. मास्तरांचा दाखला तर मर्यादेच्या वरचा निघाला, तिला शिष्यवृत्ती बसेना. समाज तोच, बोली तीच, वसतिगृह एक, जेवणाची ताटंही तीच. फरक एवढाच की त्या दोन घरांत पहिल्या तारखेला पगार येतो. जिथं पगार येत होता तिथल्या पोरीला इमारती दिसत होत्या. बाकीच्या वीस जणींना आधी पगार दिसत होता.

म्हणजे मुलींना स्वप्न बघता येत नाही हे माझं खोटं होतं. स्वप्न तर सगळ्याच बघत होत्या. पण स्वप्न उशिरा पुरं झालं तर तोवर घरात चूल कशी पेटणार, हे एकेकीला पक्कं माहीत होतं.

वर्गात एक मुलगी होती, गणितात फार हुशार. गणिताचे सर म्हणायचे, हिनं इंजिनिअर व्हावं. तिनं नर्स लिहिलं होतं. एक दिवस मी तिला बाजूला घेऊन बसले. म्हटलं, “अगं, तुमच्यासाठी सोयी आहेत. आयआयटीत लागलीस तर तुम्हाला शिकवणीची फी माफ असते.”

“माहीत आहे, दीदी.” तिनं वहीचं मागचं पान उघडलं. तिथं हिशोब मांडलेलाच होता. गेल्या साली भावाचं लग्न झालं. त्यांच्यात मुलीच्या बापाला दापा द्यावा लागतो, त्यासाठी कर्ज काढलं. नोतऱ्यात थोडे पैसे उभे राहिले, पण नोतरा म्हणजे देणंच. लग्नकार्यात ज्यानं जेवढं दिलं ते वहीत लिहितात आणि त्याच्या घरी कार्य निघालं की वाढवून परत करतात. वडिलांची पाठ धरली आहे, यंदा गुजरातेत जाता आलं नाही. तिच्या पाठची दोन भावंडं. “नर्सिंगची डिप्लोमा तीन वर्षांची. संपली की इंदूरला कुठल्याही दवाखान्यात काम मिळतं. इंजिनिअरिंगला आधी एक वर्ष कोचिंग, मग चार वर्षं, मग नोकरी मिळेल न मिळेल. फी माफ आहे दीदी, पण तेवढे दिवस मी घरी काही आणणार नाही, त्याची माफी कोण देतं? आणि व्याज थोडंच थांबणार आहे?”

“तुला आवडतं का नर्सिंग?”

तिनं जरा विचार केला. “आवडेल ना. पक्की नौकरी आहे.”

व्याज हा शब्द ऐकल्यावर मला तिथं बसवेना. कारण त्या व्याजाच्या दुसऱ्या टोकाला मी वाढले आहे.

माहेरी आमचं किराण्याचं दुकान, आणि आतल्या खोलीत गहाणवट. दिवाळीला नवी वही यायची. तिच्या पहिल्या पानावर बाबूजी केशरानं स्वस्तिक काढून, गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची रिद्धी मिळो असं लिहायचे. आम्ही मुलं वहीला हात जोडायचो. बाबूजी सज्जन माणूस. सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नसत, पाखरांना रोज ज्वारी टाकत, पांजरपोळला नेमानं देणगी देत. मापात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही. व्याज शेकडा तीन, महिन्याला; गावात इतर घेत त्याहून कमी, असं ते अभिमानानं सांगत.

जून महिना आला की पाड्यांवरून माणसं उतरायची. बियाणं जूनमध्येच घ्यायचं आणि शाळाही जूनमध्येच उघडायच्या. एकदा एक बाई मुलाला घेऊन आली होती. मी तेव्हा नववीत असेन. मुलाला तालुक्याच्या शाळेत घालायचं होतं, वह्या-कपडे-पेटीला पैसे हवे होते. तिनं कमरेचा चांदीचा कंदोरा काढून तराजूत ठेवला. बाबूजींनी वजन केलं, चिठ्ठी बांधली, पैसे मोजून दिले. मुलगा माझ्याएवढाच. तो माझ्या हातातल्या भूमितीच्या पेटीकडे बघत होता.

कंदोरा सुटला नाही. व्याज मुद्दलापर्यंत गेलं आणि मुदत टळली. दोन-तीन वर्षांनी तो मुलगा मला आमच्याच दुकानात दिसला, गोण्या उतरवणाऱ्या हमालांत. बाबूजी म्हणाले, “शाळेत मन लागलं नाही त्याचं.” मीही तेच खरं मानलं. नंतर माझ्या मुलीच्या तोंडी हेच शब्द आले, तेव्हा मात्र आम्ही तिला दुसरा कोर्स घेऊन दिला.

बाबूजींवर दोष टाकायला मी हे लिहीत नाही. त्या पैशावरच मी शिकले, माझं लग्न झालं. एवढंच म्हणते, की अमक्या मुलांना शिक्षणाची आवडच नाही असं आपण सहज बोलतो, तेव्हा ती आवड कुणाच्या घरी गहाण पडली होती हेही आठवावं.

हे बोलले की कुणीतरी हमखास डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण देतं. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातले, वडील जन्माआधीच गेलेले, आईनं दारू विकून वाढवलं, आणि ते डॉक्टर झाले, आयएएस झाले, आमच्या नंदुरबारचे कलेक्टरही झाले. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण त्यांचं नाव घेऊन बाकीच्या पोरांना ‘तुम्हाला का जमत नाही’ म्हणणं बरोबर नाही. त्यांना नवोदय विद्यालयात राहणं-जेवण-शिक्षण मोफत मिळालं, आणि आईनं पोराची कमाई मागितली नाही. हुशारी तर होतीच, पण हुशारीला थांबायला जागाही मिळाली.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह. गरिबाच्या मुलाला आधी भाकरी आणि अंथरूण लागतं, पुस्तक त्यानंतर, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण मात्र जूनमध्ये एक कार्यक्रम करतो, नव्वद टक्क्यांच्या मुलाला पाकीट आणि शाल देतो, फोटो काढतो. पाकीट जुलैपर्यंत संपतं.

पर्युषणाच्या आधी आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, यंदा प्रभावनेत स्टीलचे डबे वाटण्याऐवजी दोन मुलींच्या घरी दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवू. फी नव्हे, ती सरकार देतं. मुलगी कमावत नाही त्याची भरपाई. चार वर्षं, न चुकता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकी म्हणाल्या, “आपल्यातल्या गरजू मुलांचं काय? ती काय कमी आहेत?” दुसरी म्हणाली, “घरच्यांनी पैसे खाऊन टाकले तर?” मी म्हटलं, “खाल्ले तर खाऊ देत. खाण्यासाठीच द्यायचेत.” काही जणी रागावल्या. शेवटी नऊ जणींनी नावं दिली. मंडळाच्या नावावर नाही, आपापल्या खर्चातून. काकींचं नाव त्यात आहे. त्यांनी आपल्यातल्या एका मुलासाठीही तेवढेच काढून ठेवले.

गणितवाल्या मुलीला आमचा उपयोग झाला नाही. आम्ही ठरवेपर्यंत तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला होता. मी म्हटलं, अजून बदलता येईल. ती म्हणाली, “आता नको दीदी, घरी सांगून झालंय.” आज ती इंदूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. चांगली नर्स आहे. सलाईनचे थेंब मोजताना तिला घड्याळ लागत नाही, असं तिथली सिस्टर मला सांगत होती. पहिल्या पगारातून तिनं घरचं व्याज भरलं, मग मुद्दल. मला तिचं कौतुक वाटतं आणि वाईटही वाटतं.

यंदा तिची धाकटी बहीण त्याच वसतिगृहात अकरावीला आली. मी परत तोच निबंध दिला, या वेळी जरा भीतभीतच. धाकटीनं चारच ओळी लिहिल्या होत्या. तिला भूगोल आवडतो, चित्रंही आवडतात, ताई म्हणते घाई करू नकोस. शेवटची ओळ होती, ‘मला कोण व्हायचंय ते मी अजून ठरवलं नाही.’

ती वही घेऊन मी बराच वेळ बसले. त्या घरात इतक्या वर्षांत असं वाक्य बहुधा कुणी लिहिलं नसेल. मग पेननं खाली ‘छान’ एवढंच लिहिलं, आणि तिचा ऱ्हस्व-दीर्घ तसाच राहू दिला.