बहरीनला गेलो अरबी शिकायला



म्हातारपणी अरबी कशाला, असे घरी सगळ्यांनी विचारले. आम्ही चौघी बेने इस्रायली बाया, त्यात दोघी नर्स. नोकरीत असताना एका रात्री वॉर्डात एक अरब म्हातारी सारखी "वजअ, वजअ" म्हणत होती. आम्हाला वाटले, पाणी मागते. पाणी दिले. ती छातीतल्या कळा सांगत होती! डॉक्टर आले तोवर बराच वेळ गेला होता. बाई वाचली, पण तो शब्द आमच्या कानातून गेला नाही. रिटायर झाल्यावर पेन्शनरांच्या अरबी वर्गात नाव घातले ते त्यासाठी.

सप्टेंबर 2020 मध्ये बहरीनशी करार झाला आणि 2021 च्या सप्टेंबरअखेर थेट विमान सुरू झाले. 2022 च्या फेब्रुवारीत आमच्या वर्गाची सहल निघाली. चार दिवस, बसने फिरणे, आणि बाईंची अट एकच: बाजारात फक्त अरबी बोलायचे.

पहिल्याच दिवशी फजिती. मनामाच्या जुन्या बाजारात, बाब अल्-बहरीनच्या कमानीमागे, आम्ही घोकून घोकून अरबीत भाव विचारावा आणि दुकानदाराने हिंदीत उत्तर द्यावे! शिवाय आपल्याकडे "काय"ला "शू" म्हणतात, तिथे "शिनो". दुखण्याचा शब्दही वेगळा, "यअव्वर". म्हणजे आमचा "वजअ" तिथे निम्माच चालायचा. उलट सरळ जायला तिथले लोक "सीदा" म्हणतात, पैशाला "बेजात". हे हिंदुस्थानातूनच गेलेले शब्द. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत तिथे रुपयेच चालत. आणि आपल्या मराठीत दुकान, तारीख, वजन, वकील, फक्त हे अरबीतून आलेले. बाई म्हणाल्या, "तुम्ही अर्धी अरबी घरूनच शिकून आलात!"

त्याच बाजारात सिनेगॉग आहे. 1947 च्या डिसेंबरातल्या दंगलीत ते लुटले गेले, मग बहुतेक यहुदी देश सोडून गेले. 2021 मध्ये त्याची दुरुस्ती झाली. आज तिथे यहुदी जेमतेम पन्नास, बहुतेक इराकी घराण्यांतले. त्यांच्यातल्याच हुदा नोनू या बाई 2008 ते 2013 वॉशिंग्टनला बहरीनच्या राजदूत होत्या. आत बसून आम्ही शमा म्हटला. अलिबागच्या सिनेगॉगची आठवण आली नाही असे कसे होईल!

दुसऱ्या दिवशी बस निघाली. आधी बहरीनचा किल्ला, मग आलीची थडगी. चार हजार वर्षांपूर्वीची दिलमून काळची मातीची टेकाडे, गावातल्या घरांच्या मधेमधे उभी! पुढे वाळवंटात 1932 ची तेलाची पहिली विहीर. मग "जीवनवृक्ष". सभोवार वाळू आणि मधोमध एकटे हिरवेगार झाड, वय सुमारे चारशे वर्षे. जवळ गेलो तर काय, ही तर शमी! दसऱ्याला आपले शेजारी हिचीच पूजा करायचे. आम्ही मराठीत ओरडलो, "अगं, शमी गं ही!"

तेव्हा बसचा ड्रायव्हर चमकून म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

आम्ही गप्प. इस्रायल म्हणावे की नाही? घरून बजावून पाठवले होते, सगळ्यांना सांगत बसू नका. शेवटी एकीने धीर करून सांगितले, "इस्रायलच्या. पण मूळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या."

तो हसायलाच लागला. "म्हणजे शनवार तेली की हो तुम्ही! मी म्हसळ्याचा. माझी बहीण अलिबागला दिलीय, इस्रायल आळीवरनंच बाजाराला जाते."

झाले! परत येताना चाळीस मिनिटे आम्ही आणि तो, नुसती मराठी. सोलकढी, होडीतून मुंबई, शाळेतल्या छड्या. मुले मुंबईत, हा इथे वीस वर्षे. मध्येच म्हणाला, डावा हात सारखा भरून येतो, पण डॉक्टरकडे गेलो तर ड्युटी जाते. आम्ही दोघींनी त्याला चांगले दटावले. यावेळी भाषा समजत होती, गप्प कशा बसणार? उतरताना त्याच्याकडून शपथ घेतली, उद्याच जायचे.

तो गेला. महिन्याने फोनवर म्हणाला, "मावशी, नळी तुंबली होती, स्टेंट बसवला."

2023 च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले आणि ती विमाने थांबली. फोन मात्र थांबला नाही. ईदला आम्ही करतो, रोश हशानाला तो करतो, आणि आधी विचारतो, "सगळे बरे ना?"

अरबी शिकायला गेलो आणि कामाला आली मराठी. तरी अरबीचा वर्ग आम्ही सोडलेला नाही. बुधवारी संध्याकाळी असतो, ज्यांना यायचे त्यांनी जरूर यावे. आणि नातवंडांशी घरी चार वाक्ये मराठीत बोला. कधी कुणाच्या उपयोगी पडतील, सांगता येत नाही.