काही लागलं तर सांगा

आमच्या हिचं उजवं मनगट मोडलं, त्याला येत्या दिवाळीत 4 वर्षं होतील. बाथरूममध्ये पाय घसरला, असं मी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं, नाशिकच्या मुलीला सांगितलं आणि प्लास्टर बघायला आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर सांगितलं. ही शेजारीच बसलेली असायची. तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही.

खरं असं की ती घसरली नव्हती. मी तिला ओढलं होतं.

हिला पार्किन्सन्स आहे. चालता चालता स्वयंपाकघराच्या दारात आली की पाय जमिनीला चिकटायचे. त्या सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, दाराची बेल वाजत होती आणि ही उंबऱ्याशी खांबासारखी उभी. ‘अगं, उचल ना पाय!’ म्हणून मी हात धरून खेचलं. वरचं अंग पुढे आलं, पाय आले नाहीत.

हे कुणाला सांगणार? तोवर मी सोसायटीत आदर्श नवरा म्हणून प्रसिद्ध झालो होतो.

आजारपणाच्या बाबतीत आपल्याकडे ‘करणं’ हे मोठं सोयीचं क्रियापद आहे. ‘सासूचं सगळं तिने केलं.’ काय केलं, ते कुणी विचारत नाही. माझ्या आईचं शेवटचं दीड वर्ष हिने असंच ‘केलं’. मी त्या काळात सार्वजनिक बांधकाम खात्यात पुलांची मोजमापं घेत होतो. संध्याकाळी घरी येऊन ‘आई, बरी आहेस ना?’ विचारायचं, एवढाच माझा वाटा. म्हणून हिचं निदान झालं तेव्हा मी ठरवून टाकलं, आता पाळी माझी आणि ही फेड मी एकट्याने करणार. आया ठेवायची नाही, मुलीला रजा काढायला लावायची नाही. मदत घेतली तर कर्ज तितकं बाकी राहणार, असा माझा हिशेब.

या हिशेबात थोडी गोड भेसळही होती. ‘काका, या वयात किती करता हो!’ असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. बाईने तेच केलं तर कुणी थांबून कौतुक करत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या आणि पुरुष जेमतेम 21 टक्के. मी त्या वयोगटातून केव्हाच बाहेर पडलोय. पण दुर्मिळ असण्याचा भाव मात्र पुरेपूर वसूल करत होतो.

जिन्यात भेटणारे बहुतेक जण ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत. मी ‘हो, नक्की’ म्हणे. दोघांनाही माहीत असे की विषय संपला.

समोरच्या ब्लॉकमधली वहिनी एक दिवस वेगळं बोलली. ‘काका, शनिवारी चार ते सहा मी मोकळी असते. काकूंपाशी बसते, तुम्ही जाऊन या.’ कुठे जाऊन या, तेही तिने ठरवलं होतं. तिच्या ओळखीत पार्किन्सन्सवाल्यांचा एक स्वमदत गट होता. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, म्हणून गेलो.

तिथे पहिल्या पाच मिनिटांतच माझं डोकं फिरलं. अशा मराठी गटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. रात्री तीनदा उठून कूस बदलून देण्यात शुभ ते काय? आजाराला जरीचं पागोटं घालण्याचा प्रकार वाटला मला. घरातली दुखणी चार परक्या लोकांसमोर मांडायची, हेही पटत नव्हतं.

पण मग एक गृहस्थ उठले आणि बायकोचे पाय दारात अडकतात तेव्हा काय करायचं, ते त्यांनी करून दाखवलं. ओढायचं नाही. आधी थांबायचं, तिला दोन्ही पायांवर नीट उभं राहू द्यायचं. मग आपलं पाऊल तिच्या पावलापुढे आडवं ठेवायचं आणि म्हणायचं, ‘हे ओलांड.’ साधं चालणं अडतं तिथे ओलांडणं पुष्कळदा जमतं. तालावर आकडे मोजले किंवा जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या तरी पाय सुटतात. मी वहीत लिहून घेतलं. हात थरथरत होता, आणि पार्किन्सन्स मला नव्हता.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी कळल्या. हिचा चेहरा गेली काही वर्षं कोरा झाला होता. मी भाजी आवडली का विचारावं आणि तिने नुसतं बघावं. मी समजत होतो, रुसलीय, माझ्या कष्टांची हिला किंमत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही जखडतात, हसू आतल्या आत राहतं, हे मला एका सुनेने सांगितलं. दुसरी गोष्ट गोळीची. चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ लिहिलं होतं. पण रिकाम्या पोटी कडक औषध कशाला, म्हणून मी लेव्होडोपाची गोळी कपभर दुधाबरोबर देत होतो. औषध आणि दुधातली प्रथिनं आतड्यातून रक्तात शिरायला एकाच दारावर गर्दी करतात, मग औषध मागे राहतं. डॉक्टरांना विचारून वेळा बदलल्या. आता गोळी पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा तास. हिच्या सकाळी बऱ्याच सुधारल्या.

स्वयंपाकघराच्या दारात मी टेप लावून एक-एक फुटावर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. नोकरीतलं शेवटचं उपयोगी मोजमाप तेच असावं.

तिसऱ्या बैठकीत मी मनगटाचं खरं सांगून टाकलं. कुणी दचकलं नाही. एक बाई फक्त म्हणाल्या, ‘त्या दिवशी तुम्ही किती तास झोपला होतात?’ घरी येऊन हिच्यासमोर बसलो आणि माफी मागितली. हिचा आवाज आता फार बारीक झालाय, कान तोंडाजवळ न्यावा लागतो. ती म्हणाली, ‘आईंना मी पण एकदा ढकललं होतं. पलंगावर. तुम्ही ऑफिसात होतात.’

माझं मत बदललं ते या वाक्याने. ज्या ‘करण्या’ची फेड मी करायला निघालो होतो, ते तिनेही एकटीने आणि न झोपता केलं होतं आणि तीही एकदा मोडली होती. चूक तिच्या मायेत नव्हती, माझ्याही नव्हती. एका माणसाच्या अंगावर चोवीस तास टाकायचे आणि वर त्याला सेवा म्हणायचं, ही चूक होती. मदत घेतल्याने माझं कर्तव्य कमी झालं नाही, फक्त माझा हात हलका पडू लागला.

आता रात्रपाळीला एक मावशी येतात. मुलगी महिन्यातून चार दिवस येते आणि तेव्हा मी भावाकडे जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्स आहे, हे मला गटातच कळलं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सवलतींसाठी अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठीचा 14567 आणि मानसिक आधाराचा 14416, हे दोन्ही बिनपैशाचे क्रमांक मी फ्रीजवर लिहून ठेवलेत. दुसऱ्या क्रमांकावर मी स्वतःसाठी एकदा फोन केलाय. ‘शुभंकर’ हा शब्द अजूनही मला जड वाटतो, पण आता मी त्याला हसत नाही.

तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेलच. तिथे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. आम्ही कधीच सांगत नाही. वार सांगा, वेळ सांगा आणि त्या वेळी जाऊन बेल वाजवा.