पोलादपूरच्या सिस्टरबाई

कशेडीच्या डोंगरातून बोगदा निघाल्यापासून दक्षिणेकडे जाणारा प्रवासी पोलादपूरला थांबेनासा झाला आहे, आणि जो कोणी थांबतो तो बहुधा आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरास चढणारा असल्यामुळे त्याचे चित्त वरच्या थंड हवेकडे लागलेले असते. ह्या मुलखाचे माहात्म्य लिहिणारे ग्रंथकार कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी हात जोडतात, उमरठला जाऊन तानाजी मालुसऱ्यांचे स्मरण करतात, सावित्रीच्या पात्राचे दोन ओळींत वर्णन करतात आणि पुढल्या गावाकडे वळतात. त्या सर्वांविषयी मला आदर आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात सिस्टरबाई वारल्याचे वर्तमान एका परिचिताने दिले, तेव्हा माझ्यापुरते ते गाव ओस पडले. कारण तलवारीच्या आणि काव्याच्या ह्या प्रसिद्ध भूमीशी मला कधीच काही कर्तव्य नव्हते, माझे पोलादपूर म्हणजे मिशनच्या कुष्ठरुग्णालयाचे आवार, एवढेच होते.

माझ्या लहानपणी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड ते 1981 साली झाले. माझे वडील महाडच्या मामलेदार कचेरीत कारकून होते आणि आमचे एकत्र कुटुंब त्यांच्या पगारावर व गावाकडच्या चार खंडी भातावर चालत असे. धाकट्या काकूच्या दंडावर एक फिकट, बधिर चट्टा दिसला, वर्षभरात करंगळी वाकू लागली, आणि मग एके रात्री माजघराची दारे लावून वडीलधाऱ्यांची बैठक बसली. तिचे इतिवृत्त कोणत्याही दफ्तरात नाही, परंतु निकाल सर्वांना ठाऊक आहे. पहाटेच्या एसटीने काकूला पोलादपूरला पोहोचवण्यात आले, तिची दोन्ही मुले झोपेत होती, आणि शेजारीपाजारी ‘ती माहेरी गेली’ असे सांगण्याचा हुकूम आम्हा पोरांना मिळाला. पुढे काकांनी रीतसर काडीमोड घेऊन दुसरे लग्न केले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कुष्ठरोग हे त्यासाठी सबळ कारण मानले होते, आणि ते कलम पुस्तकातून निघण्यास 2019 साल उजाडावे लागले. कायद्याला मी फारसा दोष देत नाही. कायद्याने दार उघडे ठेवले होते. त्यातून तिला बाहेर लोटणारे हात घरचे होते.

ज्या संस्थेने तिला आत घेतले तिचा उगम 1874 साली वेलस्ली बेली नावाच्या एका आयरिश गृहस्थाच्या खटपटीत आहे. पंजाबात शिक्षक असताना त्याने महारोग्यांची दैना पाहिली होती. परंतु पोलादपूरच्या आवारात काकूला भेटली ती आयरिश दया नव्हे, तर नगरकडच्या एका ख्रिस्ती शेतकरी घराण्यातील, सावळी, ठेंगणी, करड्या स्वभावाची परिचारिका. तिला सारे सिस्टरबाई म्हणत. रविवारच्या उपासनेला ती घंटा होण्याआधी हजर असे, चटया स्वतः अंथरी, आणि नारायण वामन टिळकांची भजने सुरू झाली की तिचा आवाज इतरांच्या पुढे धावे. पेटी वाजवणाऱ्याला तिच्यामागे फरफटत जावे लागे. बोटे झडलेल्या एका म्हाताऱ्याच्या मनगटांना ती फडक्याने झांजा बांधून देत असे, आणि ताल चुकला तर भर उपासनेत त्याच्याकडे डोळे वटारून पाहत असे. तिच्या भक्तीत मार्दव होते असे मी म्हणणार नाही.

माझी आई घरच्यांच्या नकळत मेतकुटाचा आणि लिंबाच्या लोणच्याचा डबा भरून मला रविवारच्या गाडीत बसवी, म्हणून ह्या गोष्टी मला माहीत. पहिल्याच भेटीत सिस्टरबाईंनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि विचारले, “कागद न्हाई का काही? तुमच्या घरात तर सगळ्यांची बोटं शाबूत हायेत म्हणं.” मी तेव्हा लहान होतो, त्या वाक्याला किती धार होती ते कळायला मला बरीच वर्षे लागली.

उपासनेनंतरची ती दुपार माझ्या मनात इतकी स्वच्छ आहे की तीविषयी लिहिताना हात आवरत नाही. सव्वाशे इंच पावसाच्या ह्या प्रदेशात आषाढातली दुपार म्हणजे निव्वळ राखाडी अंधार. पडवीच्या पागोळ्यांपलीकडे डोंगर नाहीसे झालेले, आणि पडवीत ओळीने घमेली मांडलेली. रविवार हा बाईंचा सुटीचा दिवस होता, तरी जेवण उरकताच त्या पदर खोचून येत, प्रत्येक घमेल्यातील पाण्यात कोपर बुडवून पाहत, कारण पाणी कढत आहे की कोमट हे ज्यांचे पाय त्यात बुडणार त्यांना सांगता येत नसे, आणि मग एकेकाला बसवून पाय भिजत घालीत. अर्ध्या घटकेने तळव्याची टणक कातडी दगडाने खरवडायची, पाय न पुसता ओलाव्यावरच तेल चोळायचे, भेगा पाहायच्या, बोटांच्या बेचक्यात काटा रुतला आहे का, चुलीचा चटका बसला आहे का, ते पाहायचे. काकू लाजून मान फिरवी. त्यावर बाई तिची हनुवटी धरून तोंड पायाकडे वळवीत. “वहिनी, पायाला कळंना, तर डोळ्याला कळाया पायजे. रोज बघायचं. देवानं डोळे कशापायी दिलेत?” हे औषध नव्हते. औषध म्हणजे डॅप्सोनच्या गोळ्या. त्याआधीच्या काळी कडू कवठीच्या तेलाच्या वेदनादायी सुया टोचत. गोळ्यांनी रोग थोपला, परंतु मेलेली संवेदना परत येत नाही, आणि ह्या रोगात बोटे जातात ती बहुतांशी रोगाने नव्हे, तर न कळलेल्या जखमांनी. हे शास्त्र बाईंना पाठ होते. बाकीचे सारे, म्हणजे पावसाळी दुपारी दुसऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसणे, कोणत्या शास्त्रात बसते ते मला सांगता येणार नाही.

येथून दहा-बारा मैलांवर महाड आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यावर 108 घागरी पंचगव्याने ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि त्या पाण्यावर कोणाचा हक्क ह्याचा अखेरचा निवाडा हायकोर्टातून यायला 1937 चा मार्च उजाडला. आमच्या घरातील वडीलधारे त्या निवाड्याचे मोठ्या अभिमानाने समर्थन करीत. आमचे महाड पुढारलेले, असे म्हणत. त्याच माणसांनी काकूचे पितळी ताट-वाटी परसात पुरली. पोलादपूरची बाई पोरांना बाटवते, अशी आवईही त्यांनीच उठवली होती. वस्तुतः काकूने डालड्याच्या डब्यात तुळस लावली होती, आणि ती तापाने पडली की त्या तुळशीला पाणी सिस्टरबाई घालीत. त्याचबरोबर “उपासनेला मागं बसायचं, पण बसायचं,” असा दंडकही त्यांनी काकूला घालून दिला होता, हे लपवण्याचे मला कारण दिसत नाही. काकू बसे, आणि गातही असे.

नोकरी संपल्यावरही बाई नगरला परतल्या नाहीत. वाड्यावस्त्यांवर हिंडून बायकांच्या पाठी उघड्या करून चट्टे तपासण्यात त्यांची पुढली वर्षे गेली. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर कोसळले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाई वाचलेल्यांना गोधड्या वाटत होत्या, असे ऐकले. मी तेव्हा तेथे नव्हतो, म्हणून अधिक लिहीत नाही. त्याच वर्षअखेर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून देशातून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे सरकारने जाहीर केले. बाईंचे चट्टे शोधणे मात्र चालूच राहिले, कारण नवे रोगी निघतच होते.

काकू त्याआधीच, डॅप्सोनच्याच काळात, वारली. सावित्रीच्या काठी तिला अग्नी दिला तो आवारातल्याच माणसांनी; आमच्या घरी तार उशिरा पोहोचली, निदान तसे सांगण्यात आले. दिवस उलटल्यावर माझा थोरला चुलतभाऊ मला सोबत घेऊन तेथे गेला, तो तिच्या दोन पाटल्या आणि टपालखात्यातील शिल्लक आणण्यासाठी. बाईंनी कपाटातून वही काढली. तिच्यात काकूने चरख्यावर मिळवलेल्या पैशांचा हिशेब पै-पैसह होता. पाटल्या टेबलावर ठेवून त्यांनी पावतीचा कागद पुढे सरकवला. नाव, गाव, तारीख, आणि खाली मृताशी नाते. भावाने नाव लिहिले, गाव लिहिले, तारीख घातली आणि नात्याची जागा कोरी सोडून सही ठोकली. आमच्या गल्लीत तोवर सर्वांना तो दुसऱ्या आईचा मुलगा म्हणूनच माहीत होता.

“हे राह्यलं,” बाई म्हणाल्या.

तो म्हणाला, त्याची काय गरज, सही तर केली आहे. बाईंनी पाटल्या उचलून पुन्हा कपाटात ठेवल्या, किल्ली कमरेला खोचली आणि शिवणाचे काम पुढे ओढले. चारची गाडी निघून गेली. सहाच्या गाडीच्या सुमारास भावाने लेखणी मागितली आणि कोऱ्या जागेत ‘मुलगा’ असे लिहिले. बाईंनी ते चष्म्यातून वाचले, ‘अक्षर नीट काढा’ म्हणून दुसरा कागद दिला, आणि त्याच्याकडून तो शब्द पुन्हा लिहून घेतला.